अंकोरसाठी टूर आधी बुक करावी का?
कंबोडियात अंकोरची जुनी देवळं बघायला सिएम रीप शहरात उतरतात. तिथल्या सगळ्या टूर निघण्याआधी घरूनच बुक कराव्यात का, असं कुणीतरी विचारलंय. माझ्या मते अजिबात नको. अंकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरला मिळतो आणि तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलग जायची सक्ती नाही. मधे एक दिवस आराम ठेवा, ऊन फार लागतं. टुकटुक तिथेच हॉटेलवाल्याकडून ठरवा. आमच्या टुकटुकवाल्या दादांकडे बर्फाचा डबा होता. देवळातून बाहेर आलं की गार बाटली हातात! बान्ते स्राय हे देऊळ लांब आहे, त्याचे पैसे आधीच बोलून घ्या. गाइड मात्र ‘अंकोर वाट’ या मुख्य देवळासाठी घ्याच. भिंतीवरचं समुद्रमंथन समजावून घेताना आमचा तासभर कुठे गेला, कळलंच नाही.