दोन मॉनिटरची सेटिंग टिकत नाही – प्रतिसाद
दादा, रीस्टार्ट केलं की उजवीकडचा मॉनिटर डावीकडे जातो म्हणताय ना, अगदी हेच माझ्याकडे इंदिरानगरला महिनाभर चाललं होतं, रोज सकाळी माउस कडेला जाऊन अडकायचा आणि कामाचा मूडच जायचा. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर होम म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमधलं लपलेलं कॉन्फिग फोल्डर उघडून मॉनिटर्स डॉट एक्सएमएल फाइल बघा, मांडणी तिच्यातच सेव्ह होते. माझ्या फाइलचा मालक रूट, म्हणजे सिस्टमचा अॅडमिन, झाला होता, मी कधीतरी सुडो (अॅडमिनचे हक्क देणारी कमांड) लावून ती उघडली होती, चाऊन या मालक बदलायच्या कमांडने परत माझ्या नावावर केली आणि त्या दिवसापासून सुरळीत. आणि एक्सरँडर या स्क्रीन मांडायच्या कमांडने केलेली मांडणी त्या सेशनपुरतीच असते हं, लॉगआउट केलं की गेली. लॉगिन स्क्रीन मात्र तुमची फाइल वाचत नाही, तिथे उलटं दिसलं तर घाबरू नका.