फ्लेक्सवर 'भावी' लिहायचं का?

सचिव (बी-१०१): सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की आज नळाला पाणी नाही. दुपारी दोन टँकर येतील, टाकीजवळच्या गाड्या काढून घ्याव्यात. दुसरं, आनंदाची बातमी. बी-४०२ शिंदे यांचा ओम सोलापूरहून टेनिसची अंडर-१४ टॅलेंट सिरीज जिंकून आला. रविवारी गेटवर फ्लेक्स लावायचं ठरतंय. मजकूर असा : "मराठवाड्याचा भावी फेडरर चि. ओम याचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त रहिवासी व कमिटी". काही बदल असल्यास दोनच्या आत सांगा, डिझाइनवाला थांबलाय.

सी-३०३ काकू: अभिनंदन ओम बाळा 💐💐

ए-१०४ राठी: कमिटीचे फोटो किती अन् पोराचा किती?

सचिव (बी-१०१): पोराचा मधोमध, मोठा. आमचे खाली लहान गोल.

ए-२०२ देशपांडे काका: ओमचं मनापासून अभिनंदन. फ्लेक्स लावा. फक्त 'भावी' काढा. आणि जमलं तर फेडररही काढा.

सचिव (बी-१०१): काहून काका? आपल्याकडं तिकीट मिळायच्या दहा वर्षं आधीपासून 'भावी नगरसेवक' लागतो. कुणाला काही होत नाही.

ए-२०२ देशपांडे काका: त्यातले नगरसेवक किती झाले ते मोजा एकदा.

ए-२०२ देशपांडे काका: थट्टा राहू द्या. एक गोष्ट सांगतो, लांब आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा. १९८३ ला फ्रान्सचा यानिक नोआ पॅरिसची स्पर्धा, म्हणजे फ्रेंच ओपन, जिंकला. त्यानंतर फ्रान्सच्या एकाही पुरुषाला ती जमली नाही. अख्खा देश उपाशी. १९९६ ला तिथल्या एका टेनिस मासिकाने मुखपृष्ठावर एका पोराचा फोटो छापला, फ्रान्स ज्याची वाट बघतोय तो हाच, अशा अर्थाचं काहीतरी लिहून. पोराचं वय नऊ. नाव रिशार गास्के. तो त्यांचा फ्लेक्सच म्हणा. पुढं तार्ब नावाच्या गावी लहान मुलांची मोठी स्पर्धा असते, आपल्या ओमच्याच वयोगटाची, तिथं १९९९ ला त्याने एका स्पॅनिश पोराला हरवलं आणि कपही जिंकला. तो स्पॅनिश पोरगा म्हणजे राफेल नदाल. मोठेपणी व्यावसायिक टेनिसमध्ये हे दोघं १८ वेळा समोरासमोर आले.

ए-१०४ राठी: मग?

ए-२०२ देशपांडे काका: अठराही नदालचे.

ए-१०४ राठी: आयला, एकपण नाही?

ए-३०१ नीलेश (पुणे): म्हणजे गास्के फ्लॉप.

ए-२०२ देशपांडे काका: बघ, लगेच तोच शब्द आला तुझ्या तोंडात. गास्के जगात ७ व्या नंबरवर गेला होता. १६ स्पर्धा जिंकला. विम्बल्डनची सेमीफायनल दोनदा खेळला, यूएस ओपनची एकदा. २०२५ ला पॅरिसमध्ये घरच्या लोकांपुढं शेवटचा सामना खेळून थांबला, समोर इटलीचा सिनर. ते मासिक छापलंच नसतं तर याच माणसाला तू काय म्हणाला असतास?

ए-३०१ नीलेश (पुणे): ठीक आहे काका, तो फ्रान्सचा. आपल्याकडचं बोला. युकी भांबरी. २००९ ला सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनियर स्पर्धा जिंकला. मुलांमध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय. ज्युनियरचा जगात १ नंबर. आणि मोठ्यांमध्ये सिंगल्सला सगळ्यात वरचा नंबर किती? ८३. वाया गेला असं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

सी-१०२ पठाण सर: नीलेश बेटा, तुझ्या कंपनीत किती लोक आहेत?

ए-३०१ नीलेश (पुणे): चार हजारांच्या आसपास. का सर?

सी-१०२ पठाण सर: त्यात तुझा कितवा नंबर?

ए-१०४ राठी: 😂😂

सी-१०२ पठाण सर: राग मानू नको. मी ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवला, म्हणून बोलतो. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, त्यांच्या मुख्य फेरीत १२८ जण खेळतात. त्यातल्या १०४ जणांना रँकिंगवर थेट जागा मिळते. बाकीच्यांनी क्वालिफायिंग खेळून यायचं, नाहीतर वाइल्ड कार्डाची, म्हणजे आयोजकांच्या आमंत्रणाची, वाट बघायची. म्हणजे ८३ वा माणूस दारातून सरळ आत जातो. अख्ख्या जगातून! आणि युकी २०१८ ला तिथं पोचला तो गुडघा, कोपर सगळं दुखवून घेऊन. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टनच्या स्पर्धेत फ्रान्सच्या मॉन्फिसला हरवलं होतं त्याने, मॉन्फिस तिथला गतविजेता. मग परत गुडघ्यानं धरलं, दोन वर्षांहून जास्त कोर्टच बंद. परत आला, डबल्स धरलं, आणि २०२५ ला यूएस ओपनच्या डबल्सची सेमीफायनल खेळला. वय ३३.

ए-३०१ नीलेश (पुणे): डबल्स म्हणजे शेवटी डबल्सच सर.

सी-१०२ पठाण सर: लिएंडर पेसला सांग हे. तोही ज्युनियर विम्बल्डन आणि ज्युनियर यूएस ओपन जिंकलेला, तोही ज्युनियरचा १ नंबर. सिंगल्सला ७३ च्या वर गेला नाही. डबल्स आणि मिक्स्ड मिळून १८ ग्रँड स्लॅम. मधे अटलांटा ऑलिम्पिकला सिंगल्सचं ब्राँझ आणलं ते वेगळंच.

सी-३०३ काकू: टँकर आला का? वरच्या मजल्यावर थेंब नाही.

सचिव (बी-१०१): निघालाय काकू. बीड बायपासला ट्रॅफिकमध्ये आहे.

ए-२०२ देशपांडे काका: पठाण सर, युकीच्या बाबतीत माझीही एक कबुली आहे. २००९ ला मी परभणीच्या शाखेत होतो. ती फायनल झाली त्या दिवशी अख्ख्या स्टाफला पेढे वाटले होते मी. कॅशियरला म्हणालो होतो, दहा वर्षांत हा विम्बल्डन आणतो, लिहून घे. आणि २०१८ ला तो ८३ वर गेला ते मला कळलंसुद्धा नाही. मी केव्हाच बघणं सोडलं होतं. आत्ता सरांनी सांगितल्यावर मॉन्फिसची मॅच यूट्यूबवर शोधायलोय.

ए-१०४ राठी: आमच्या जालन्याचं सांगू का? विजय झोल. कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१. २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन. हाताखाली कोण, तर संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव. तेव्हा आमच्या दुकानात रोज चर्चा, भारताची कॅप मिळाली की मिरवणूक मामा चौकातून काढायची की स्टेशनवरून. ते तिघंही भारताकडून खेळले. आमचा नाही खेळला. पण जालन्यात त्याला कुणी वाया गेला म्हणून बघा, दुकानातून चहा न देता काढून देतील.

डी-५०१ मुंडे: अन् आमच्या बीडचं? स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळणारा अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. नाव झालं ते फौजेत गेल्यावर. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला सिल्व्हर, २०२३ ला हांगझोच्या एशियाडला गोल्ड, पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. म्हणून मी म्हणतो, लहानपणी कोण काय जिंकतंय याला काही अर्थ नसतो.

सी-१०२ पठाण सर: मुंडे साहेब, तिथं थोडं चुकतंय. पळणं विसाव्या वर्षी धरलं तरी चालतं, दम आणि जिद्द पाहिजे. टेनिसचा हात सहा-सात वर्षांचं असताना बसवावा लागतो. त्यामुळं लवकर सुरुवात लागतेच. गडबड पुढं होते. चौदाच्या आत कोण जिंकतो? जो चेंडू परत टाकत राहतो आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघतो तो. किंवा ज्याची उंची इतरांपेक्षा दोन वर्षं आधी वाढली तो. अठराव्या वर्षी सगळेच उंच होतात आणि सर्व्हिस ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने अंगावर येते. तेव्हा कालचा चॅम्पियन आणि कालचा पहिल्या फेरीतला, दोघं एकाच रांगेत उभे. जोकोविच, अल्काराझ, सिंगल्सची ज्युनियर स्लॅम एकाकडंही नाही.

ए-३०१ नीलेश (पुणे): मग ज्युनियर जिंकूच नये का? 😄

ए-२०२ देशपांडे काका: तसंही नाही ना रे. स्वीडनच्या एडबर्गने १९८३ ला चारही ज्युनियर स्लॅम एका वर्षात जिंकल्या, आणि मोठेपणी सहा. मरे ज्युनियर यूएस ओपन जिंकलेला. आणि सचिव साहेब ज्याचं नाव टाकायलेत तो फेडरर, १९९८ चा ज्युनियर विम्बल्डन विजेता. पण त्याचंही मधलं कुणाला आठवत नाही. २००१ ला विम्बल्डनमध्ये सॅम्प्रासला हरवलं, सगळीकडं जयजयकार. पुढच्याच वर्षी तिथंच पहिल्या फेरीत एका क्वालिफायरकडून तीन सेटमध्ये बाहेर. २००३ ला पॅरिसमध्ये परत पहिल्या फेरीत बाहेर. तेव्हा लोक म्हणायचे, हात सोन्याचा आहे पण डोकं नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी विम्बल्डन जिंकला. त्या सहा आठवड्यांच्या आधी तू आणि मी त्याला काय म्हटलं असतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

ए-२०२ देशपांडे काका: आणि 'भावी फेडरर' हा फ्लेक्स एकदा लावून झालेला आहे. बल्गेरियाचा दिमित्रोव. तसाच एका हाताचा बॅकहँड, २००८ ला ज्युनियर विम्बल्डन, नावच पडलं 'बेबी फेड'. जगात ३ नंबर झाला, २०१७ ची एटीपी फायनल्स, म्हणजे वर्षाअखेरची मोठी स्पर्धा, जिंकला. तरी जन्मभर लोक त्याच्याकडं बघून दुसऱ्यालाच शोधत राहिले. २०२५ ला विम्बल्डनला सिनरवर दोन सेटची आघाडी घेतली होती, आणि छातीचा स्नायू गेला. कोर्टवर बसून रडला बिचारा. त्या रात्री मला झोप नाही आली, खोटं नाही सांगत.

सी-३०३ काकू: 😢

डी-५०१ मुंडे: आपल्या टेनिसच्या सुमित नागलचंही सांगा. २०२३ ला तोच म्हणाला होता, बँकेत ९०० युरो उरलेत. भारताचा १ नंबरचा खेळाडू!

सी-१०२ पठाण सर: हो. आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला मानांकन मिळालेल्या बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, त्याच वर्षी ६८ वर गेला. कोच, फिजिओ, विमान, हॉटेल, सगळं स्वतःच्या खिशातून. तिथंच बरीच लेकरं गळतात. गुणांची कमी नसते त्यांच्यात.

सचिव (बी-१०१): चर्चा छान चाललीय, पण डिझाइनवाला दोनदा फोन करून बसला. 'भावी' काढू. फेडररच्या जागी काय टाकू? "सोसायटीची शान"?

ए-१०४ राठी: नुसतं 'अंडर-१४ विजेता' टाका ना. जे झालंय ते.

सचिव (बी-१०१): लईच कोरडं वाटतंय हो.

बी-४०२ शिंदे वहिनी: नमस्कार. सगळं वाचत होते, स्वयंपाक चालू होता म्हणून उशीर झाला. सगळ्यांचे आभार. काका, सर, ओमला तुमचे मेसेज वाचून दाखवले. त्याला गास्केचं ऐकून हसू आलं, म्हणाला नदालला हरवलं तर होतं ना त्यानं.

ए-२०२ देशपांडे काका: 👌👌 शाब्बास.

बी-४०२ शिंदे वहिनी: एक विनंती होती. फ्लेक्स नको. त्याला शाळेत पोरं चिडवतात, सोलापूरच्या आधी तीन ठिकाणी पहिल्याच फेरीत हरून आला होता तो. फ्लेक्सला खर्च किती येणार आहे?

सचिव (बी-१०१): अडीच हजारापर्यंत. सोसायटी फंडातून, तुम्हाला काही नाही.

बी-४०२ शिंदे वहिनी: पैसे नकोत भाऊजी. गारखेड्याला क्रीडा संकुलात आठवड्यातून तीन दिवस जातो तो, बाकीचे दिवस घरीच. खालच्या पार्किंगची मागची भिंत आहे ना, तिथं तो रोज तासभर चेंडू मारायचा. दिवाळीनंतर तिथं बोर्ड लागला, "चेंडू खेळण्यास सक्त मनाई, दंड ₹५००". तेव्हापासून बंद आहे. संध्याकाळी सहा ते सात तेवढी भिंत मोकळी मिळाली तर बरं होईल.

ए-१०४ राठी: बोर्ड कुणी लावला होता?

डी-५०१ मुंडे: कमिटीनं. कुणाच्या तरी गाडीचा आरसा फुटला होता ना तेव्हा.

सी-१०२ पठाण सर: मी सहा ते सात रोज खाली बसायला तयार आहे. आरसा फुटला तर माझ्याकडून घ्या.

ए-२०२ देशपांडे काका: अर्धा माझ्याकडून. आणि जाळी बांधून घेऊ, फ्लेक्सच्या पैशात येते.

सचिव (बी-१०१): वहिनी, विषय रविवारच्या मीटिंगला घेतो. तत्त्वतः काही अडचण नाही. टँकर गेटवर आलाय, हॉर्न मारायलाय. मागच्या भिंतीला लागून पांढरी क्रेटा कुणाची आहे, पाइप जात नाही. लवकर काढा.

ए-१०४ राठी: साहेब, ती तुमचीच आहे.