मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली तर चालेल का?

शेवगा: वडील ६८ वर्षांचे. कोलेस्टेरॉलची गोळी रात्री जेवणानंतर आहे. साडेआठलाच झोपतात, आठवड्यातून दोनतीनदा राहून जाते. सकाळी बीपीच्या गोळीबरोबर देऊ का? डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. प्लीज लवकर सांगा.

खलबत्ता: गोळीचं नाव? स्ट्रिपच्या मागे ब्रँडखाली बारीक अक्षरात असतं ते, मिग्रॅसकट.

पारिजात: रात्रीच द्या. यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं, सकाळी देऊन फायदा नाही.

खलबत्ता: पारिजात, हे सिमव्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांपुरतं खरं. त्या काही तासांतच शरीरातून उतरतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन निम्मी व्हायला साधारण १४ तास लागतात, रोसुव्हास्टॅटिनला १९. या दोन्ही कधीही चालतात, वेळ मात्र रोज तीच हवी.

डोंगरवाट: लसूण-आलं-लिंबाचा काढा सुरू करा, गोळीच लागणार नाही.

पारिजात: काढ्यावर गोळी बंद करायला सांगू नका हो. स्टेंट असेल तर जिवावर बेतेल.

शेवगा: रोसुव्हास्टॅटिन १०. स्टेंट नाही. रात्री जेवल्यावर अ‍ॅसिडिटीचं गुलाबी पातळ औषधही घेतात, त्याने काही होतं का?

खलबत्ता: होतं, हेच आधी सांगायला हवं होतं! त्यात बहुतेक अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं. दोन्ही एकत्र घेतली तर रोसुव्हास्टॅटिन जवळपास निम्मीच रक्तात पोचते. आधी गोळी, मग निदान दोन तासांनी ते औषध. म्हणजे तुमच्या घरी सकाळच बरी. आज रात्रीची देऊ नका, उद्या सकाळपासून सुरू करा. राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. डॉक्टरांना फोनवर कळवा.

पारिजात: स्ट्रिपवर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधंही लिहिलीत का बघा. एकत्र कॅप्सूल असेल तर विचारल्याशिवाय वेळ हलवू नका.

खलबत्ता: बरोबर, हे माझ्याकडून राहिलं. आणि मांड्या-दंड विनाकारण दुखायला लागले, लघवी काळपट झाली, तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

चांदणी: ग्रेपफ्रूट खाल्लं तर चालतं का?

खलबत्ता: रोसुव्हास्टॅटिनवर चालतं. सिमव्हास्टॅटिनवर टाळा, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर भरपूर रस नको.

शेवगा: स्ट्रिप पाहिली, फक्त रोसुव्हास्टॅटिनच आहे. पातळ औषध रोज घेतात, हे डॉक्टरांना सांगितलेलंच नव्हतं. आता फोन करतो.