आलू पोस्तो आठवला: बंगाली जेवणाचे तुमचे अनुभव इथे लिहा

शर्वरी_के
दिवाळीच्या अनारशांसाठी खसखस आणायला गेले, दुकानदाराने भाव सांगितला आणि मला एकदम दुर्गापूर आठवलं. बाबा स्टील प्लांटमध्ये होते, माझी शाळा तिथलीच. आपण खसखस जपून वापरतो, अनारशाला, करंजीच्या सारणात, वाटणात चमचाभर. तिकडे बर्धमान, बांकुडा, बीरभूम या पट्ट्यात वाट्याच्या वाट्या वाटून तिची भाजी करतात. आलू पोस्तो. शेजारच्या काकीमा भिजवलेली खसखस हिरवी मिरची घालून पाट्यावर वाटायच्या. वाटण इतकं मऊ की बोटाला कण लागता कामा नये. बटाट्याच्या बारक्या फोडी मोहरीच्या तेलात, फोडणीला फक्त कलौंजी, मग वाटण, मीठ, चिमूटभर साखर, झाकण. हळदसुद्धा नाही. उतरवताना वरून कच्च्या तेलाची धार. सोबत बिउलीर डाल, म्हणजे आलं-बडीशेप घातलेली उडदाची डाळ, आणि भात. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर रस्ता तापलेला असताना, हे जेवून अख्खी कॉलनी झोपायची.

आपल्याकडे बंगाली म्हटलं की मासे आणि रसगुल्ले, विषय संपला. मला ते फार टोचतं. रोजच्या ताटातलं काय काय खाल्लंय, कुणाच्या हातचं खाल्लंय, लिहा सगळ्यांनी.

बाळू_रत्नांग्री
मी मात्र माशावरच लिहिणार, राग मानू नका ताई. कोलाघाटला साइटवर होतो. रूपनारायणचा इलिश. आपल्याकडे पाला म्हणतात त्याला, पण काट्यांच्या भीतीने बरेच जण हात लावत नाहीत. तो समुद्रातला मासा पावसात अंडी घालायला नदीत वर चढतो, म्हणून नदीतल्याला चव निराळी. आमच्या मेसचा ठाकूर, म्हणजे स्वयंपाकी, शोर्षे इलिश करायचा. मोहरीचं वाटण, हिरव्या मिरच्या, हळद, मीठ, मोहरीचं तेल. बास. कांदा नाही, लसूण नाही, खोबरं नाही. मी म्हटलं हे काय कालवण? पहिला घास खाल्ला आणि गप्प बसलो.

त्याहून भारी म्हणजे तुकडे तळल्यावर कढईत उरलेलं तेल. गरम भातावर ते तेल, मीठ, एक मिरची चुरडून. ठाकूर म्हणायचा मासा नंतर, आधी हे. काटे कसे काढायचे तेही त्यानेच शिकवलं. घास लहान, भात कमी, मांस बोटांनी चाचपत जायचं, घाई करायची नाही.

फुलवा
फुचकाऽऽऽ! तिकडची पाणीपुरी. त्यात कुस्करलेला बटाटा चिंचेच्या पाण्यात आणि मिरचीत कालवलेला असतो, गोड चटणी नाही. आणि गंधराज लिंबू पिळतात, त्याच्या वासानेच तोंडाला पाणी सुटतं. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

सासर_बालीगंज
शर्वरी, अगदी मनातलं बोललीस. माझं सासर कोलकात्याचं. तिथे सगळं एकदम वाढत नाहीत. आधी कडू, मग डाळ आणि भाजा म्हणजे तळलेले काप, मग भाज्या, मग मासा, मटण, मग चटणी-पापड आणि शेवटी गोड. कडू म्हणजे शुक्तो. कारलं, कच्चं केळं, वांगं, शेवग्याच्या शेंगा, रताळं, डाळीच्या वड्या, सगळं लांबट चिरलेलं, राधुनी नावाच्या ओव्यासारख्या मसाल्याची फोडणी, मोहरीचं वाटण आणि शेवटी थोडं दूध. दुपारीच खायचं, रात्री करत नाहीत. मा, म्हणजे सासूबाई, म्हणतात, कडवटाने जीभ स्वच्छ होते, पुढची चव नीट कळते.

पण मला लिहायचंय ते आमच्या पिशी-ठाकुमांबद्दल, सासऱ्यांच्या आत्या. लहान वयात विधवा झाल्या. त्यानंतर मासा नाही, मटण नाही, कांदा-लसूण नाही, मसूरसुद्धा नाही. एकादशीला पाणी नाही. बंगालमध्ये विधवांना हे सगळं पाळावं लागायचं. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी. आणि त्या चुलीवर त्यांनी जे रांधलं ते मी विसरूच शकत नाही. केळफुलाचं मोचार घंटो. हरभऱ्याची डाळ वाटून तिच्या वड्या थापून तळून रश्श्यात सोडायच्या, ते धोकार दालना. कच्च्या फणसाची भाजी, तिला तिकडे गाछ-पाठा म्हणतात, झाडावरचं बोकड. परवळाच्या साली टाकायच्या नाहीत, कलौंजी-मिरचीवर परतून वाटायच्या आणि तेवढ्यावर ताटभर भात जायचा. हिंग, आलं, जिरं आणि तूप, एवढ्यावर सगळं.

आज हॉटेलांत हेच पदार्थ 'पारंपरिक निरामिष थाळी' म्हणून मिळतात. मिळू देत, खा सगळ्यांनी. पण ती चव कुणी आणि कशामुळे घडवली हे कुणी बोलत नाही याची मला चीड येते. घरातल्या पुरुषांना दोन माशांचे प्रकार वाढून मग त्या एकट्या आपल्या चुलीपाशी बसायच्या.

जुई_पळसे
वाचून पोटात तुटलं गं. आमच्या घरीही आजीची एक आत्या होती, लाल आलवणातली. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तिचाच. तिच्या हातची केळफुलाची भाजी घरात अजून काढतात, तिचं नाव मात्र धाकट्यांना ठाऊक नाही. आज आईला विचारून लिहून ठेवते.

शर्वरी_के
@सासर_बालीगंज, किती मोलाचं लिहिलंस. अजून लिही ना त्यांच्याबद्दल. परवळाच्या साली मी उद्याच करणार.

हेम्या
बिर्याणीत बटाटा. या विषयावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. १८५६ साली इंग्रजांनी अवध घेतलं, नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आला, मेटियाब्रुजला राहिला, सोबत लखनौचे खानसामे. तिथून ही बिर्याणी. बटाटा का आला यावर बरेच वाद आहेत, गरिबीमुळे म्हणतात, तेव्हा बटाटा अप्रूपाचा होता म्हणूनही म्हणतात. मला कारणाशी देणंघेणं नाही. मटणाचा रस प्यायलेला तो पिवळा, अख्खा बटाटा मला मटणाच्या आधी हवा.

बाळू_रत्नांग्री
हेम्या, बटाटा तुला, नळी मला. जमलं.

क्वीन्सकर
इकडे न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्समध्ये बांगलादेशी वाण्यांची रांगच आहे. गोठवलेला पद्मा नदीचा इलिश मिळतो, विकणारा करवतीवर तुकडे करून देतो. आमचे शेजारी बांगलादेशातल्या चट्टग्रामचे, म्हणजे चितगावचे. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो आणि जिन्यातच ओळखीचा वास आला. सुके बोंबील! ते लोइट्टा शुटकी म्हणतात. लसूण भरपूर, लाल मिरची भरपूर, तेल सुटेपर्यंत परतलेलं. माझी आई वसईची, तिने पदर खोचून त्यांच्या बायकोला आपलं सुक्या बोंबलाचं कालवण दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दोन तास स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

हेही कळलं की पूर्व बंगालचे ते बांगाल आणि पश्चिमेचे ते घोटी. घोटी स्वयंपाकात साखर टाकतात म्हणून बांगाल चिडवतात. फुटबॉलमध्ये ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे कोळंबी. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांसाठी तो इलिश नुसता मासा नाही. आमच्या ऑफिसातल्या एका दादांचे वडील पूर्व बंगालातल्या बोरिशालचे, शेवटपर्यंत कोलकात्याच्या बाजारात मासा हातात घेऊन म्हणायचे, "आमच्या नदीचा नाही."

ओवी
ज्यांना शाकाहारी खायचंय त्यांनी लुची आणि छोलार डाल खा. लुची म्हणजे मैद्याची पुरी, पांढरीशुभ्र राहिली पाहिजे, लाल झाली तर चुकली. हरभऱ्याच्या डाळीत खोबऱ्याचे तळलेले काप. अष्टमीला अनेक घरांत भात नसतो, लुचीच.

दादरला शिवाजी पार्कच्या दुर्गापूजेचा भोग कुणी खाल्लाय का? खिचुडी, लाबडा म्हणजे मिसळ भाजी, टोमॅटोची गोड चटणी, पायेश म्हणजे खीर. मूगडाळ आधी कोरडी भाजून घेतात, त्या वासाने रांगेतच भूक खवळते.

जुई_पळसे
+१ भोगाला. आणि टोमॅटोच्या चटणीत खजूर घालतात ते मला फार आवडलं, मी घरी आंब्याच्या पोळीचे तुकडेही टाकते.

विदर्भकन्या
गोडावर कुणीच नाही? मी येते. रसगुल्ल्याचं श्रेय कोलकात्यातल्या बागबाजारच्या नोबीन चंद्र दासांना देतात, १८६८ चं साल सांगतात. २०१७ मध्ये बांग्लार रसोगोल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगोल्याला. दोन्ही वेगळे, दोन्ही खावेत.

पण माझा जीव नोलेन गुडात, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळात. थंडीत खजुरीच्या झाडाला खाच पाडून मडकं बांधतात, रात्रभर रस साठतो, पहाटे उतरवून आटवतात. हे काम करणाऱ्यांना शिउली म्हणतात. ऊन चढलं की रस आंबायला लागतो, म्हणून सगळी लगबग अंधारातच. या गुळाचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, खाल्ल्यावर बाकी मिठाई मला नुसती साखर वाटते. जयनगरचा मोआ म्हणजे लाडूही याच गुळाचा, कनकचूर तांदळाच्या लाह्या घालून. थोडासा दाबला तरी फुटतो, आणि तसाच हवा.

फुलवा
आले परत. पौष संक्रांतीला पाटिसापटा करतात ना? आत खोबरं-गूळ, वर पातळ धिरडं. आपली तिळगुळाची धावपळ चालू असते तेव्हा तिकडे घरोघरी असे पिठे, म्हणजे पिठाचे गोड पदार्थ. आमच्या बंगाली वहिनी दोन्ही करतात, त्यामुळे संक्रांतीला त्यांच्याकडे झुंबड असते.

गोट्या_नाशिक
मंडळी, खसखस इतकी महाग का पण?

शर्वरी_के
अफूच्या बोंडातलंच बी ना ते. लागवड परवान्याशिवाय करता येत नाही, आणि परवाने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच मिळतात. जिथे सगळ्यात जास्त खातात तिथे पिकवताच येत नाही. बाहेरच्या देशातूनही आणावी लागते. म्हणून भाव असा. आता काकीमांसारख्या घरात पोस्तो आठवड्याला होत असेल की नाही, देव जाणे.

ओवी
मोहरी वाटली की कडू होते, काय करायचं?

सासर_बालीगंज
भिजव आधी. वाटताना मीठ आणि हिरवी मिरची घाल, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरव, सलग नको. पिवळी आणि काळी मिसळून घेतलीस तर सौम्य होते. कडवटपणा अगदी नको असेल तर थोडी खसखस टाक, पण भाव वर वाचलासच.

हेम्या
आणि तेल धूर येईपर्यंत तापवून मग गॅस बारीक करा, नाहीतर घरातले पळून जातील.

जुई_पळसे
ठाण्यात गोबिंदोभोग तांदूळ कुठे मिळेल? पायेश करायचंय, लेकाचा वाढदिवस आहे शुक्रवारी.

सासर_बालीगंज
नाही मिळाला तर आंबेमोहोर घे, बारीक आणि वासाचा, छान होतं. तांदूळ तुपावर जरा परतून घे. दूध आधी चांगलं आटव. खजुरीचा गूळ घालणार असशील तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घाल, नाहीतर फाटतं. वाढदिवसाला पायेश हवंच, लेकाला आशीर्वाद सांग.