'प्रेशर वाढलं' म्हणजे कोणतं प्रेशर?

काकांचं मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं इथं नागपुरात धंतोलीत, मधात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले प्रेशर वाढलं होतं, मॅनिटॉल दिलं, तर आम्ही सगळे समजलो बीपीच वाढलं. काकू तर घाबरूनच गेल्या, काकांना बीपी कधीच नव्हतं. रक्तदाब, रक्तप्रवाह, रक्ताभिसरण सगळं एकच समजून वापरून राहिले लोक, नेमका फरक काय?

— मॅनिटॉल हे कवटीतला दाब उतरवायचं औषध, ते दिलं म्हणजे ताई, कवटीच्या आतलं प्रेशर, बीपी नाही. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) असतो, नातेवाईकांचा हा घोळ नेहमीचाच. निजलेल्या माणसाच्या कवटीत दाब साधारण 7 ते 15 असतो, पाऱ्याचे मिलिमीटर. मेंदूकडे रक्त ढकलणारा जोर म्हणजे सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा. सरासरी 90 अन् कवटीत 10 तर 80 उरले, कवटीत 30 झाला की 60च, हातावरचं बीपी तेवढंच दिसत असलं तरी! म्हणूनच भूलवाले डॉक्टर मनगटाच्या धमनीत बारीक नळी टाकून प्रत्येक ठोक्याचं बीपी पाहत बसतात.

— पण मग बीपी वाढतच नाही असंही नाही ना जी?

— वाढतं ना. कवटीतला दाब फारच चढला की शरीर स्वतःच बीपी वाढवतं, नाडी मंदावते, श्वास बिघडतो. हार्वे कुशिंग या सर्जननं हे 1901-02 च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं. अशा वेळी चढलेलं बीपी म्हणजे मेंदूला रक्त पोचवायची धडपड असते, ते घाईनं खाली आणलं तर उलट नुकसान. अन् कवटी उघडून दाब उतरला की बीपी एकदम पडूही शकतं, दरवेळी रक्तस्रावच झाला असं नाही.

— शब्दांचं म्हणाल तर रक्ताभिसरण म्हणजे अख्ख्या शरीरातलं फिरणं, रक्तप्रवाह म्हणजे मिनिटाला किती वाहिलं (मेंदूत 100 ग्रॅममागे साधारण 50 मिलि). पर्फ्यूजन म्हणजे रक्त पेशींपर्यंत खरंच पोचणं, त्याला मी रक्तसिंचन म्हणेन. संत्र्याच्या बागेत मोटरचं प्रेशर ठीक दिसते, पण शेवटच्या झाडाला पाणी पोचलं का, ते सिंचन.

— अर्थ पटला, पण काहून एवढा जड शब्द? ओटीबाहेर बसलेल्या माणसाले 'मेंदूचा रक्तपुरवठा' लगेच कळते. अन् प्रेशर म्हणायचंच तर डॉक्टरांनी 'डोक्यातलं' की 'बीपीचं' एवढं आधी जोडावं.