गॅरेजच्या फ्लेक्सवरचा काळानिळा डोळा

सिंहगडरोडकर: काल आमच्या भागातल्या सिग्नलजवळच्या एका गॅरेजबाहेर फ्लेक्स दिसला. ‘गाडीला आलेला पोचा एका दिवसात काढतो. बायकोच्या गालाचं तुमचं तुम्ही बघा!’ शेजारी डोळा काळानिळा झालेल्या बाईचं चित्र. दुचाकीवरचे दोघे थांबून फोटो काढत होते. मी आत जाऊन मालकांशी बोलले. ते म्हणाले, “ताई, गंमत आहे हो, गिऱ्हाईक वाढलंय.” मला संताप आला. हा फ्लेक्स उतरायलाच हवा.

पेठेतला: विनोद हीन आहे, मान्य. पण फ्लेक्स वाचून कुणी घरी जाऊन हात उगारत नाही. लाटणं घेऊन नवऱ्यामागे धावणारी बायको दिवाळी अंकांत वर्षानुवर्षं छापली गेली, तेव्हा कुणाला राग आला नाही. पुण्यात पाट्या टोचऱ्याच असतात. आवडलं नाही तर गाडी दुसरीकडे टाका.

सिंहगडरोडकर: लाटण्याचा विनोदही मला नकोच. पण ‘बेल एकदाच वाजवा’ ही पाटी ज्याला टोचते, तो उलट बोलू शकतो. इथे ज्या बाईवर हसायचंय ती मार खाऊन गप्प बसलेली आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या दर दहांपैकी साधारण तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्या सिग्नलला अशा किती जणी थांबत असतील?

समुपदेशक_पुणे: मी बारा वर्षं या बायकांशी बोलतेय. ‘दार लागलं’, ‘मोरीत घसरले’ हीच पहिली उत्तरं. खरं बाहेर यायला कधी चार भेटी लागतात. त्याच पाहणीत जवळपास 45 टक्के बायकांनी नवऱ्यानं मारणं कुठल्या ना कुठल्या कारणासाठी योग्य ठरवलंय. स्वयंपाक बिघडला, न सांगता बाहेर गेली, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशी ती कारणं. ‘चूक माझीच’ असं मानणाऱ्या बाईला हा फ्लेक्स सांगतो, तुझा गाल ही घरातली किरकोळ बाब आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला तो नेमकं हेच खोडायला.

पेठेतला: तळमळ कळते. पण छोट्या धंदेवाल्यामागे तक्रारी लावणार? 1986 चा कायदा स्त्रीदेहाच्या असभ्य चित्रणाबद्दल आहे, हे त्यात ओढूनताणून बसवावं लागेल. बंदीची सवय लागली की उद्या कुणाचीही पाटी उतरेल.

सिंहगडरोडकर: कायद्यात नसेल बसत. जाहिरात क्षेत्रानंच स्वतःसाठी नेमलेल्या ॲस्की या संस्थेनं 2022 मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल नियम काढलेत, तिथे तक्रार करता येते. फ्लेक्सला महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी आहे का, तेही विचारणार. त्याआधी शनिवारी मालकांना पुन्हा भेटते.

पेठेतला: भेटा, ते बरं. चित्र काढायला लावा, मजकूर राहू द्या.

सिंहगडरोडकर: गाल मजकुरातच आहे, दादा.