५ × ७ फुटी बाथरूम नव्याने करायचंय, अंदाजपत्रक कसं तपासू?

ठेकेदाराने एकच ठोक रक्कम सांगितली आहे. टाइल्स ७ फुटांपर्यंत. रक्कम रास्त आहे का, कसं ओळखायचं?

↳ ठोक रक्कम घेऊच नका. टाइल्स मोजा: भिंती (चारही मिळून २४ फूट लांब) २४ × ७ = १६८, दाराचे १७ वजा, जमिनीचे ३५ मिळवा. झाले १८६ चौरस फूट. तुटफूट १० टक्के धरून २०५. तोडफोड, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंगचे दर वेगळे लिहून घ्या. राडारोडा उचलण्याचाही, तो हमखास राहतो.

↳ वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवा. मग ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचं छत बघा. नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालचा भाग) कड नीट भरली नाही तर तिथूनच झिरपतं.

↳ सीपीव्हीसी (गरम-गार पाण्याचे प्लास्टिक पाइप) लाइनची प्रेशर टेस्ट टाइल्सआधीच. डायव्हर्टरही (शॉवर-नळाकडे पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) आधी आणून द्या, नाहीतर तो भिंतीत किती आत बसवायचा ते चुकतं आणि नवी टाइल फोडावी लागते.